टेकडीवरचे पाणी

लाईल आवाजावरून माणूस ओळखतो, आणि त्याबद्दल विद्यापीठ त्याला पगार देत असे. माजी विद्यार्थ्यांच्या कचेरीत त्याचे टेबल खिडकीपाशी होते, त्याला खिडकीचा काही उपयोग नसला तरी. वर्षभर तो टॉलिव्हर विद्यापीठातून शिकून गेलेल्या लोकांना फोन करी. कुणाच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले, कुणाची मुलगी सैन्यात गेली, कुणाचे दुसरे लग्न मोडले, हे त्याच्या बायकोपेक्षा, म्हणजे माझ्यापेक्षा, त्याला आधी कळे. शेवटी तो विचारी, "मग यंदा होमकमिंगला येताय ना?" आणि बहुतेक लोक हो म्हणत. आंधळ्या माणसाला नाही म्हणायला जीभ वळत नाही, असे तोच सांगे आणि हसे.

गावामागच्या बोडक्या टेकडीवर दगडांनी रचलेले एक प्रचंड 'टी' अक्षर आहे. होमकमिंगच्या, म्हणजे माजी विद्यार्थ्यांच्या वार्षिक मेळाव्याच्या शनिवारी, फुटबॉलच्या सामन्याआधी, ते चुन्याने पांढरे करतात. चुना तयार आणत नाहीत. चुनकळीची ढेकळे पाठीवरून वर नेतात आणि तिथेच एका लोखंडी काहिलीत पाणी घालून विरवतात, कारण खाली जमलेल्या लोकांना वाफ दिसायला हवी असते. वाफ दिसली की बँड सुरू होतो. लाकडी वल्ह्याने काहील ढवळणाऱ्या पोरांना चुनेकरी म्हणतात. एकदा चुनेकरी झालेला माणूस मरेपर्यंत चुनेकरी राहतो. त्यांची पांढरी लोकरी जाकिटे असतात आणि काहींना त्या जाकिटातच पुरले आहे.

लाईल दुसऱ्या वर्षाला असताना काहील त्याच्या तोंडावर उसळली. तो वाकून पाहत होता. मित्रांनी त्याला तिथून खांद्यांवर घेतले आणि न थांबता सगळी टेकडी उतरून इस्पितळात नेले. सगळ्यात पुढे गार्थ होता. या गोष्टीतून एक प्रथा निघाली. अक्षर पांढरे करून झाले की चुनेकरी आपल्यातल्या एकाला खांद्यावर घेऊन पळत खाली येतात. तिला 'उचल' म्हणतात. माजी विद्यार्थी ती पाहायला लहान मुलांना पुढे उभे करतात.

मी तेव्हा लाईलला ओळखत नव्हते. पुढच्या वर्षी त्याला पुस्तके वाचून दाखवायला रसायनशास्त्र विभागाने एक मुलगी नेमली, ती मी. आता मी गावाच्या पाणी शुद्धीकरण केंद्रात काम करते. पाण्याचा जडपणा काढायला आमच्याकडे चुनकळीच वापरतात, त्यामुळे तिचा स्वभाव मला माहीत आहे.

मी सांगतेय त्या वर्षी आमची मुलगी ब्रिन टॉलिव्हरमध्ये दाखल झाली आणि सप्टेंबरातच चुनेकऱ्यांनी तिला निवडले. त्याच वर्षी कचेरीतल्या केल्सी नावाच्या नव्या अधिकारी मुलीने ठराव मांडला, की चुनकळी बंद करून खडूचा तयार रंग वापरावा. टेकडी माजी विद्यार्थ्यांच्या संघटनेच्या मालकीची आहे, विद्यापीठाच्या नाही. म्हणून निर्णय शनिवारी सकाळी न्याहारीच्या वेळी संघटनेनेच हात वर करून घ्यायचा होता. केल्सी मला दुकानात भेटली तेव्हा म्हणाली, "लाईल एकदा 'बंद करा' म्हणाले ना, की विषय संपला. त्यांच्यापुढे कोण बोलणार?"

खरेच कुणी बोलले नसते.

गुरुवारी संध्याकाळी गार्थ आला. तो संघटनेचा अध्यक्ष होता आणि दर वर्षी होमकमिंगच्या आधी हरणाच्या मांसाचे सॉसेज घेऊन येई.

"लाईल, दार उघड म्हाताऱ्या, हात भरलेत माझे."

"म्हातारा तू. मी आरशात स्वतःला अजून वीस वर्षांचाच पाहिलाय."

"या वेळी मी स्वतः मारलंय. जावयानं नाही."

"बंदुकीनं की गाडीनं?"

गार्थने पिशवी ओट्यावर ठेवली, माझ्या गालाला गाल लावला आणि नेहमीच्या खुर्चीत बसला. ती खुर्ची त्याची होती. लाईलला पायऱ्या नकोत म्हणून आमच्या अंगणातला उतार त्याने बांधला होता, गच्चीची गळती त्याने काढली होती. दर गुरुवारी तो फोन करी आणि ते दोघे कशावरही तासभर बोलत.

"ती केल्सी बादल्यांत रंग आणणार म्हणे," तो म्हणाला. "बालवाडीत असतो तसला. वाफ नाही, काही नाही. लोकांनी खाली उभं राहून काय बघायचं? आम्ही कुंपण रंगवतोय ते?"

"गार्थ," मी म्हटले, "शनिवारी पारा शून्याच्या बराच खाली जाणार आहे. चुनकळीच लावणार असाल तर पाणी गरम करून वर न्या. गार पाण्यात ढेकळावर वरून साय धरते. वाफ थांबते, वाटतं विरलं. आत ढेकूळ तसंच असतं. मग वल्हं लागून साय फुटली की सगळं एकदम उसळतं. केंद्रात आम्ही हिवाळ्यात गरम पाण्याशिवाय हात लावत नाही."

"नोरीन, तू दर वर्षी काहीतरी सांगतेस."

"आणि तुम्ही दर वर्षी ऐकत नाही."

"म्हणून तर तिला परंपरा म्हणायचं." तो हसला, मग ब्रिनकडे वळला. "काय पोरी, घाबरलीस?"

"मी नाही. मॉम घाबरलीय," ब्रिन म्हणाली. तिने पांढरे जाकीट घरातही घातले होते. "आता गॉगल देतात, मॉम. हातमोजे देतात. तू असं करतेस जसं काही मला खाणीत पाठवतायत."

"पहिलं वल्हं तुझा डॅड मारणार," गार्थ म्हणाला. "बाप आणि मुलगी एकाच काहिलीवर. असं आजवर झालेलं नाही. खालच्या लोकांच्या डोळ्यांत पाणी येईल."

लाईलचा चेहरा खुलला. मला तो चेहरा चांगला ठाऊक आहे. स्वतःचा चेहरा कसा दिसतो हे त्याला माहीत नसते, म्हणून तो काहीच लपवत नाही.

गार्थ गेल्यावर ब्रिन वर अभ्यासाला गेली. मी भांडी विसळत होते.

"शनिवारी तू बोलशील ना?" मी विचारले.

"बोलणार आहेच. दर वर्षी बोलतो."

"ते नाही. तिथं पाणी होतं, ते."

लग्नाआधी त्याने हे मला एकदाच सांगितले होते. काहिलीच्या शेजारी पाण्याचे पिंप उभे होते, हात लांबवला तर लागेल इतके जवळ. डोळ्यात चुना गेला तर पहिले आणि एकच काम असते. पाणी, भरपूर पाणी, जिथल्या तिथे. मित्रांनी त्याचे डोळे शर्टाने पुसले आणि त्याला उचलले. टेकडी उतरून, गावातून इस्पितळात पोहोचेपर्यंत चुना डोळ्यांत आपले काम करत राहिला. डॉक्टरने लाईलला आणि त्याच्या आईला हे एका वाक्यात सांगितले होते. तिथेच धुतले असते तर निदान एक डोळा राहिला असता. आई वारली. मग हे फक्त आम्हा दोघांना माहीत होते.

"पोरं होती ती, नोरीन," तो म्हणाला. "घाबरली होती."

"माहीत आहे मला."

"गार्थचा खांदा निखळला होता त्या दिवशी. निखळलेल्या खांद्यानं त्यानं मला खाली आणलं. आज पण थंडीत त्याचा हात वर जात नाही. त्याला आता काय सांगू? तुला वाटतं तू मला वाचवलंस, पण तसं नाहीये?"

"त्याला काही सांगू नकोस. एवढंच म्हण, की चुनकळी बंद करा."

"का, म्हणून विचारतील. मला खोटं बोलता येत नाही."

"दर वर्षी बोलतोस की."

हे मी मुद्दाम बोलले, आणि ते त्याला लागले. तो टेबलावरून हात फिरवत राहिला, काही सांडले आहे का हे पाहिल्यासारखा.

"ह्या गावात मला सगळे ओळखतात ते कशामुळे?" तो म्हणाला. "मी फोन केला की लोक हातातलं काम टाकून बोलतात ते कशामुळे? त्या उचलीमुळे. ती काढून घेतली तर काय उरतं सांग. पिंपाशेजारी आंधळा झालेला एक गाढव."

"आणि ब्रिन?"

"ब्रिनला काही होणार नाही. गॉगल असतात आता."

शनिवारी सकाळी व्यायामशाळेत लांब टेबले मांडली होती. पॅनकेक, मॅपलचा पाक, पातळ कॉफी. ओळीने पांढरी जाकिटे, काहींची बटणे आता लागत नव्हती. लाईल दारातून आत आला तसे लोक नुसते "हॅलो" म्हणत आणि तो प्रत्येकाला नावाने हाक मारी. "वेसली, पाठ कशी आहे?" "डोरोथी, आवाज बसलाय तुझा, सिगरेट पुन्हा सुरू केलीस ना?" लोक खूश होऊन हसत. एवढ्या लोकांच्या लक्षात आपण आहोत, असे प्रत्येकाला त्याच्यामुळे वाटे. तो खरोखर या कामात हुशार होता.

केल्सीने ठराव मांडला. कागद न पाहता बोलली, चांगली बोलली. कुणी तिच्याशी वाद घातला नाही. मग गार्थने माइक लाईलच्या हातात दिला.

"हे काय ठरवायचं ते ठरवा," लाईल म्हणाला. "मी आपली नेहमीची गोष्ट सांगतो."

टेबले थोपटली गेली. मी खाली ताटात पाहत होते. त्याने ती गोष्ट सांगितली, काहील, वाफ, अंधार, मग खांदे. मध्ये तो थांबला आणि त्याने सवयीने विचारले, "आणि गार्थ धापा टाकत मला काय म्हणाला?"

सगळी व्यायामशाळा एका आवाजात म्हणाली, "खातोस तरी काय रे तू?"

हशा पिकला. गार्थ पुढच्या टेबलावर मान खाली घालून लाजत हसत होता, एवढा मोठा माणूस. लाईल हसू ओसरेपर्यंत थांबला. मला वाटले आता बोलेल. त्याचे तोंड उघडलेही होते.

"त्या दिवसापासून मी एकटा कधी पडलो नाही," तो म्हणाला, आणि माइक खाली ठेवला.

हात वर झाले. चुनकळी राहिली. केल्सी कागद गोळा करत माझ्याजवळ आली. "मला वाटलं होतं की..." ती म्हणाली.

"मलाही," मी म्हटले.

ब्रिन वर निघाली तेव्हा मी तिच्या जाकिटाच्या आतल्या खिशांत डोळे धुण्याच्या दोन बाटल्या कोंबल्या. आमच्या केंद्रात भिंतीला लावलेल्या असतात तसल्या. लाईल तिथेच उभा होता. मी त्याचा हात धरून त्या खिशांवरून फिरवला. त्याने हात मागे घेतला नाही.

"मॉम, मी पेंग्विनसारखी चालतेय."

"चाल."

लाईल गार्थच्या खांद्यावर हात ठेवून वर गेला. बाकीच्यांना वर जायची परवानगी नसते. मी इतर आईबापांबरोबर दोरीच्या अलीकडे उभी राहिले. उन्हाला ऊब नव्हती. बँडमधली मुले वाद्यांची तोंडाला लावायची पितळी टोके काखेत धरून गरम करत होती.

वाफ आली. लोक ओरडले, बँड सुरू झाला. पांढरा खांब सरळ वर गेला. इतक्या थंडीत वाफ दाट दिसायला हवी आणि बराच वेळ टिकायला हवी. ती पातळ होत गेली. मग नाहीशी झाली. शेजारचा माणूस आपल्या नातवाला म्हणाला, "झालं बघ तयार. आता रंगवणार."

मी दोरीखालून वाकून गेले आणि चढू लागले.

मागून कुणीतरी "बाई, अहो बाई" म्हणाले. वाट खडी आहे, दगड गोठून निसरडे झाले होते. मी निम्म्यावर असेन. ओल्या गोणीवर दांडा हाणल्यासारखा आवाज झाला. वर पाहिले तर पांढरे काहीतरी हवेत पसरले होते. खालच्या लोकांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला. टाळ्या पडल्या. बँडने तीच धून पुन्हा धरली.

मी वर पोहोचले तेव्हा लाईल गुडघ्यांवर होता आणि ब्रिनचे डोके त्याच्या मांडीवर होते. तिचा गॉगल कपाळावर सरकलेला होता. डाव्या कानावर, मानेवर चुना. जाकीट पांढरे असल्याने किती उडाला ते कळत नव्हते. लाईलने तिची पापणी दोन बोटांनी उघडी धरली होती आणि दुसऱ्या हाताने बाटली पिळत होता. पहिली रिकामी बाटली बाजूला पडली होती.

"उचला तिला," गार्थ ओरडत होता. "अरे बघता काय, उचला, पाय धरा."

चार पोरे पुढे आली. लाईलने जवळ पडलेले वल्हे उचलून आडवे फिरवले. ते एकाच्या नडगीला लागले.

"हात लावायचा नाही कुणी."

"लाईल, वेळ जातोय, दवाखान्यात..."

"पिंप इकडे आणा. तिला नाही न्यायचं, पिंप आणा."

पिंपावर बर्फाचा पापुद्रा होता. एका पोराने तो मुठीने फोडला आणि बादली भरून आणली. मी ब्रिनचे जाकीट काढले, कोरडा चुना हाताने झटकला आणि मानेवर पाणी ओतू लागले. लाईल डोळा सोडत नव्हता. ब्रिन थंडीने आणि दुखण्याने विव्हळत होती, त्याचा हात ढकलत होती.

"नोरीन?" त्याने माझा श्वास ओळखला होता. "किती वेळ झाला?"

"अजून ओत. थांबू नकोस."

बादल्या येत राहिल्या. गार्थ आमच्यासमोर उभा होता. त्याला काय करावे सुचत नव्हते आणि त्याला ते सहन होत नव्हते. "आम्ही तुला असंच उचललं होतं," तो म्हणाला. "एक क्षण वाया घालवला नव्हता, लाईल. एक क्षण."

"हो," लाईल म्हणाला. त्याने मान वर केली नाही, पाण्याची धारही हलली नाही. "आणि पाणी इथंच होतं, गार्थ. ह्याच जागी."

खालून बँड ऐकू येत होता. गार्थने पिंपाकडे पाहिले, मग काहिलीकडे, मग पुन्हा पिंपाकडे, मधले अंतर आता पहिल्यांदाच पाहत असल्यासारखे. त्याचा डावा हात आपोआप उजव्या खांद्यावर गेला आणि तिथेच राहिला.

रुग्णवाहिकेची माणसे स्ट्रेचर घेऊन वर आली, तोवर आम्ही पिंप जवळजवळ संपवले होते.

इस्पितळात डॉक्टरने विचारले, "वर कुणी धुतलं?" लाईलने हात किंचित वर केला, वर्गातल्या मुलासारखा. कान आणि मान भाजली होती, त्यांचे वण राहणार होते. डोळा वाचला होता. त्याच्या बाहेरच्या कोपऱ्यात मात्र धुके राहील, कदाचित कायमचे. बाहेरच्या बाकावर कुणीतरी रेडिओवर सामना ऐकत होते. आम्ही जिंकलो.

काय झाले ते ब्रिनने संध्याकाळी सांगितले. वाफेने गॉगल धुरकटला म्हणून तिने तो वर केला. लाईल ढवळत होता. तो म्हणाला, खाली अजून दगड लागतायत. गार्थ म्हणाला, मार रे वल्हं, लोक वाट बघतायत. लाईल क्षणभर थांबला. मग त्याने वल्हे सोडून तिला हाक मारली. ती हाकेकडे वळली आणि त्याच क्षणी काहील उसळली, म्हणून सगळे डाव्या बाजूला आले.

"डॅड," ती म्हणाली, "तुला माहीत होतं ना आधीपासून? पाण्याचं, सगळं?"

"हो."

"मग सकाळी का नाही बोललास?"

तो तिच्या पलंगाच्या लोखंडी कडेवर बोटे फिरवत राहिला. तिने वाट पाहिली, मग भिंतीकडे तोंड केले. त्या कुशीवर तिला दुखत असणार, भाजलेली बाजू तीच होती.

रविवारी गार्थ आला. टोपी हातात धरून दारात उभा राहिला, आत आला नाही. आम्ही बाहेर गेलो.

"चाळीस वर्षं," तो म्हणाला. "चाळीस वर्षं तू ती गोष्ट स्वतःच्या तोंडानं सांगितलीस. मी पुढच्या टेबलावर बसून ऐकली. माझ्या नातवंडांना घेऊन बसलो."

"हो."

"मनात हसत होतास मला?"

"नाही."

"मग शिव्या देत होतास?"

"नाही रे."

"मग काय करत होतास, लाईल?"

"तू गुरुवारी फोन करायचास," तो म्हणाला.

गार्थने टोपी घातली. जाताना त्याने माझ्याकडे पाहिले आणि माझ्या लक्षात आले, की मलाही माहीत होते हे त्याने आत्ता ताडले. त्याने अंगणात उतार बांधला तेव्हा मी त्याला लिंबू सरबत नेऊन दिले होते. तेही आता त्याला वेगळे आठवत असेल.

त्यानंतर कुणी भांडले नाही. आमच्याकडे लोक भांडत नाहीत. गुरुवारी फोन वाजला नाही, पुढच्याही गुरुवारी नाही. लाईल कचेरीत जाऊन पूर्वीसारखेच फोन करी. लोक उचलत, चौकशीही करत, पण थोडक्यात. "हो हो, कळवतो," म्हणत. टेकडीवर तो जे बोलला ते सगळीकडे पोहोचले होते. तो ज्या वेगाने माणसे जोडी त्याच वेगाने ते पोहोचले. काहींना वाटले त्याने इतकी वर्षे त्यांना फसवले. काहींना वाटले त्याने गार्थला सगळ्यांसमोर उघडे पाडले. लाईलला घेऊन खाली पळत आलेल्यांपैकी दोघे तर आता हयातही नव्हते आणि त्यांच्या बायकांना ते ऐकून कसे वाटले असेल, हा विचार आम्ही दोघांनी आधी केला नव्हता. वसंतात कचेरीने कळवले, की आता निमंत्रणे ईमेलने जातील. केल्सी हे सांगायला घरी आली आणि तिने माझ्या हातात केक दिला. ती रडली. लाईल नाही रडला. त्याने टेबलावरचे सामान एका खोक्यात आणले, त्यात एक कुंडीही होती. तिच्यातले झाड वाळलेले आहे हे कुणी त्याला सांगितले नव्हते.

ब्रिनने जाकीट परत केले आणि ती दुसऱ्या राज्यातल्या कॉलेजात गेली. रविवारी फोन करते, माझ्या नंबरावर. "डॅडला दे," असे कधी कधी म्हणते.

पुढच्या होमकमिंगला आम्ही घरीच होतो. सॉसेज आले नाही. निमंत्रण आले, सगळ्यांना येते तसे. शनिवारी थंडी मागच्या वर्षीइतकीच होती. लाईल व्हरांड्यात घोंगडी पांघरून बसला आणि मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. तिथून टेकडी पूर्ण दिसते. बँड ऐकू आला.

"वाफ आली?"

"आली."

"कशी आहे?"

मी नीट पाहिले. पांढरा खांब जाड होता, वरपर्यंत जाड, आणि तो ओसरत नव्हता. बराच वेळ पाहिला.

"दाट आहे," मी म्हटले. "टिकून आहे अजून."

"मग गार्थनं पाणी गरम करून नेलंय."

"नेलेलं दिसतंय."

त्याने मान हलवली. फोन त्याच्या मांडीवर होता. त्याने त्यावरून अंगठा फिरवला, गार्थचा नंबर जिथे असतो तिथपर्यंत, आणि अंगठा मागे घेतला. अक्षर हळूहळू पांढरे होत गेले. मग ठिपक्यांएवढी माणसे उताराला लागली.

"उचल?" त्याने विचारले.

"नाही. सगळे आपापल्या पायांनी येतायत."

बँड थांबला. लोक मैदानाकडे निघाले असावेत, कारण गाड्यांचे आवाज आमच्या रस्त्यावरून जाऊ लागले. प्रत्येक गाडीसरशी लाईल मान किंचित वर करून ऐकत होता. पूर्वी इंजिनावरूनही तो सांगत असे, कोण आले ते.